कंटाळवाणी पण पक्की नोकरी: अशा दिवसांत धरून ठेवावी की सोडावी?

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३५ वर्षांची, पुण्यात. हिंजवडी फेज तीनला एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. नऊ वर्षं एकाच प्रोजेक्टवर: अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या संगणकाचा सपोर्ट. कोबोल आणि जेसीएल या त्यावरच्या जुन्या भाषा. रात्रीची बॅच, म्हणजे ओळीने आपोआप चालणारी कामं (जॉब), चालू झाली की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी सरकत राहतात. एका एजन्सीकडून रोज एक फाइल येते आणि आठवड्यातून एकदा तरी तिच्यात आकड्याच्या जागी रिकामी जागा असते. मग जॉब एस-झिरो-सी-सेव्हन ही चूक दाखवून अडून बसतो. मी ती ओळ शोधते, शून्य घालते, त्याच पायरीपासून जॉब पुन्हा सोडते, तक्रारीचं तिकीट बंद करते, एक्सेलमध्ये नोंद करते. नऊ वर्षांत हे किती वेळा केलं असेल, मोजलेलं नाही. मागच्या वर्षभरात मी कोडची एकही नवीन ओळ लिहिलेली नाही.

आता बाणेरच्या एका साठेक माणसांच्या कंपनीकडून ऑफर आली आहे. डेटा इंजिनीअरिंगचं काम, पगार ३० टक्के जास्त, सहा महिने प्रोबेशन, आणि विम्यात आई-वडील, सासू-सासरे नाहीत. उत्तर द्यायला १२ दिवस आहेत.

दुसरी बाजू अशी. पुनावळ्यात फ्लॅट आहे, हप्ता ३८ हजार, अजून १४ वर्षं. नवरा चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, तिथे ऑर्डरी कमी-जास्त होत असतात. मुलगी सहा वर्षांची. सासूबाईंची २०२३ मध्ये बायपास झाली, ती माझ्या कंपनीच्या विम्यावर. आणि बाहेरचं वातावरण तुम्ही बघताच आहात. देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने जुलै २०२५ मध्ये २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून आमच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नाही.

घरी सगळे म्हणतात, असे दिवस असताना हातचं सोडू नये. मला रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो. कंटाळा हे नोकरी सोडायला पुरेसं कारण आहे का?

कोकणी_फणस

अगदी याच विचारात आहे. रुमाल टाकून ठेवतो.

डिलाईल_रोड

जाईजुई, तुमच्या घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. माझी गोष्ट सांगतो.

माझे वडील मुंबईत कापड गिरणीत. कायम कामगार होते, बदली (गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेले) नव्हे, आणि त्या काळी चाळीत कायम कामगाराचा मान वेगळा होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांचं काम मात्र संपलं. आईने खानावळ चालवली, मोठ्या बहिणीची शाळा सुटली. पहाटे भोंगा वाजायचा बंद झाला तरी बाबा त्याच वेळी उठून गॅलरीत उभे राहायचे.

मी १९९४ मध्ये एका सहकारी बँकेत लागलो. कॅश काउंटर, नंतर क्लिअरिंग. ३१ वर्षं केलं. कंटाळा आला का? रोज आला. पण दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झाला की मला ती गॅलरी आठवायची. दोन मुलं शिकली, घर झालं. सासूबाईंची बायपास झालेली असताना विमा सोडू नका, एवढंच सांगेन.

उनाड_वारा

काका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, पण तुमच्याच गोष्टीतून मला उलटं दिसतं. तुमच्या वडिलांची नोकरीसुद्धा पक्कीच होती ना? सगळ्यात पक्की होती. ती गेली तेव्हा त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी २०२१ मध्ये उडी मारली. तेव्हा ऑफर्सचा पाऊस होता. ६० टक्के वाढ घेतली. १४ महिन्यांनी आमची अख्खी टीम काढली. सात महिने घरी होतो, बायकोच्या पगारावर. ते सात महिने वाईट गेले, खोटं बोलणार नाही. पण त्या १४ महिन्यांत मी जे शिकलो त्यावरच तिसरी नोकरी मिळाली आणि ती आजही आहे. जुन्या जागी असतो तर आज मुलाखतीत काय सांगितलं असतं हेच मला कळत नाही.

जाईजुई, माझं मत: घ्या ऑफर.

हिशेबी

भावनेचं बाजूला ठेवून आधी आकडे पाहू. काय जातं आणि काय जात नाही हे लोकांना माहीत नसतं आणि त्या धास्तीनेच बरेच जण अडकून बसतात.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं कधीच झालीत, त्यामुळे ती तुमचीच. आज सोडा नाहीतर दहा वर्षांनी. हिशेब असा की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४० हजार धरला तर नऊ वर्षांचे २ लाख ७ हजारांच्या आसपास होतात. फक्त नव्या ठिकाणी पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून.

पीएफ: काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी लागते. तुमची ९ झालीत, ट्रान्सफर केलंत तर मोजणी पुढे चालू राहते.

गृहकर्ज: रेपोशी (रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराशी) जोडलेलं असेल तर बँकेत एक चक्कर मारा. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तुम्हाला हप्ता कमी हवा असेल तर तसं लेखी मागावं लागतं.

खरा प्रश्न विम्याचा. सासूबाईंची नवीन पॉलिसी काढायला गेलात तर आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागेल. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, पण तीन वर्षं म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठी फार झाली. मार्ग आहे: कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटातली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. पण अर्ज नोकरीत असतानाच करायचा, राजीनामा देऊन झाल्यावर नाही. विमा कंपनी कागद तपासते, हप्ता जास्त लावू शकते, नाहीही म्हणू शकते. म्हणून आधी हे उत्तर हातात घ्या, मग बाकीचं ठरवा.

जाईजुई

हिशेबी, खूप आभार. हे असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. एचआरला मेल टाकला आहे, कारण न सांगता.

डिलाईल_रोड काका, गॅलरीचं वाचून नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

वाकडचा_वाटसरू

मूळ प्रश्नाला बगल देतोय, पण पुनावळे ते फेज तीन आणि पुनावळे ते बाणेर यात रोजचा किती फरक पडेल? माझ्या मते हेही हिशेबात धरा. सकाळी वाकडच्या पुलाखाली माझी पाऊण तासाची समाधी लागते.

सोनटक्का

फेज तीनला येणारे सगळे तिथेच भेटतात. आमच्या ऑफिसातल्या दोघांची ओळख त्याच सिग्नलला झाली, पुढच्या महिन्यात लग्न आहे.

वाकडचा_वाटसरू

आमंत्रण पाठवा, त्याच सिग्नलला अक्षता टाकू.

चाकण_फेज२

मी इथे नेहमी लिहीत नाही. ताईंचा प्रश्न वाचला म्हणून लिहितो. राग मानू नका.

मी आयटीआय फिटर. चाकणला कंत्राटदारामार्फत कामाला आहे. सीएनसीवर (संगणकाने चालणारं यंत्र) पार्ट लावायचा, दार लावायचं, बटण दाबायचं, पार्ट काढायचा, हवा मारायची, गेजने बघायचं, ट्रेमध्ये ठेवायचा. ४८ सेकंदांना एक. आठ तासांत जेवणाची सुट्टी धरून साडेपाचशेच्या वर होतात. सात महिने झाले की ब्रेक मिळतो, म्हणजे कामावरून कमी करतात, मग दुसरा कंत्राटदार. चार वर्षांत तीन कंपन्या झाल्या, काम तेच.

कंटाळा मलाही येतो. पण मला रात्री झोप लागत नाही ती कंटाळ्याने नाही, ब्रेक कधी मिळेल याने. तुमच्याकडे नऊ वर्षं एक जागा आहे. मला ती मिळाली तर मी तिच्यावर उभा राहून काहीतरी शिकेन. मी २६ वर्षांचा आहे. सीएनसी प्रोग्रॅमिंगचा संध्याकाळचा कोर्स बघून ठेवला आहे, पण शिफ्ट दर आठवड्याला फिरते म्हणून जमत नाही.

जाईजुई

दादा, राग कसला. उलट लिहिलंत ते बरं केलंत. "तिच्यावर उभा राहून" हे डोक्यात राहिलं.

हिशेबी

चाकण_फेज२, एक विचारतो. तुमच्या हातात नेमणुकीचं पत्र आहे का, आणि ते कंत्राटदाराचं आहे की कंपनीने थेट दिलेलं ठराविक मुदतीचं? दोन्हींत फरक आहे. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात ठराविक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, पूर्वीसारखी पाच वर्षांची अट नाही. आणि नेमणूक पत्र देणं सगळ्यांनाच बंधनकारक केलं आहे. पत्र नसेल तर मागा. पीएफ कापत असतील तर पासबुक मोबाइलवर बघा, जमा होतोय का.

चाकण_फेज२

पीएफ कापतात. पासबुक आजपर्यंत बघितलं नव्हतं. बघतो.

जर्सीची_वाट

न्यू जर्सीहून लिहितो, मूळ गाव सातारा. कोबोल वाचून राहवलं नाही, मीही त्याच जातकुळीतला.

कोबोल १९५९ मध्ये जन्माला आलं आणि मी कॉलेजात असल्यापासून "मेलं, मेलं" असं ऐकतोय. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या लाटेत, इथे बेरोजगार भत्त्याचे अर्ज इतके आले की चाळीस वर्षांहून जुन्या यंत्रणेची दमछाक झाली. आमच्या राज्याच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं आवाहन केलं. मी ते टीव्हीवर बघत होतो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "अहो, तुमचंच नाव घेतायत."

तेव्हा कंटाळवाणं म्हणजे निकामी असं समजू नका.

दुसरं. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरून निघायचं. मुलगा आठवीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली तेव्हापासून इथे कुणी हलायचं नाव काढत नाही. मीसुद्धा ११ वर्षं त्याच खुर्चीत आहे. इथल्या प्रत्येक मराठी घरात हे बोलणं चालू आहे. तुम्ही पुण्यात आहात, नोकरी गेली तरी घर आणि गाव जात नाही. हा आधार मोठा आहे, त्यालाही हिशेबात जागा द्या.

पितळी_डबा

मी आतापर्यंत वाचत होते. डिलाईल_रोड काका, जर्सीची_वाट, दोघांचं पटतं, पण जे लिहिते आहे ते जाईजुईने शांतपणे वाचावं.

मी १४ वर्षं एका कंपनीत रिपोर्ट बनवण्याचं काम केलं. दर सोमवारी तोच रिपोर्ट, दर महिनाअखेरीला तोच दुसरा. मला जमत होतं, साडेपाचला घरी येत होते, मुलांचा अभ्यास घेत होते. सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस. २०२४ मध्ये एका मंगळवारी साडेअकराला मीटिंगचं बोलावणं आलं. बाराला संपलं. लॅपटॉप तिथेच ठेवायला सांगितला. डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

खरं दुःख पुढे सुरू झालं. मुलाखतीत एका बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला: "मागच्या वर्षात तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय सांगा." मी विचार करत राहिले. मला एकही आठवेना. त्या वाईट नव्हत्या, त्यांनी पाणी दिलं, थांबल्या. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिने लागले मला. आता निम्म्या पगारावर आहे, पण रोज काहीतरी ठरवावं लागतं.

त्यामुळे जाईजुई, तू विचारलंस की कंटाळा पुरेसं कारण आहे का. मी उलटं विचारते. तुझं काम कंटाळवाणं आहे ते सगळं सुरळीत चालू आहे म्हणून, की ते काम हळूहळू संपत आलंय म्हणून? दोन्हींत सारखाच कंटाळा येतो. मला वाटत होतं माझं पहिल्या प्रकारचं आहे.

सोनटक्का

पितळी_डबा, वाचून गलबलून आलं. मी रिपोर्टच बनवते.

उनाड_वारा

मला जे म्हणायचं होतं ते ताईंनी नेमकं सांगितलं.

डिलाईल_रोड

पितळी_डबाताई, हे मला पटलं. आमच्या बँकेत काउंटरवर माणूस लागायचाच, म्हणून माझा कंटाळा चालून गेला. नंतर मशिनं आली आणि माझ्या मागून लागलेल्यांना तो काळ मिळाला नाही. मी माझ्या काळावरून सल्ला दिला.

जाईजुई

पितळी_डबा, तुझा प्रतिसाद काल रात्री बॅच चालू असताना वाचला आणि नंतर तासभर काही सुचलं नाही.

कारण मला उत्तर माहीत होतं. सप्टेंबरच्या टाउन हॉलमध्ये (सगळ्यांच्या एकत्र मीटिंगमध्ये) क्लायंटने एक स्लाइड दाखवली होती. दोन मॉड्यूल मेनफ्रेमवरून निघून क्लाउडवर, म्हणजे नव्या यंत्रणेवर जाऊन झालीत, बाकीची २०२७ अखेरपर्यंत नेणार. आमचं मॉड्यूल शेवटून दुसरं. मी ती स्लाइड पाहिली, टाळ्या वाजवल्या आणि जागेवर येऊन तिकिटं बंद केली. आमच्या टीममध्ये कुणीच त्याबद्दल बोललं नाही. मी इथे पहिल्या पोस्टमध्येही लिहिलं नाही. का लिहिलं नाही तेच कळत नाही.

हिशेबी

मग "पक्की" हा शब्द धाग्याच्या नावातून काढायला हवा. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, कदाचित कमी. दोन्हीकडे जोखीमच आहे, आता फक्त त्यातली कुठली परवडते ते बघायचं.

उनाड_वारा

म्हणूनच म्हणतोय, घ्या ऑफर!

हिशेबी

आधी त्या कंपनीची चौकशी तर करू द्या. साठ माणसांची कंपनी आहे. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या साइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला ते दिसतं. माणसांचा आकडा वर्षभर घसरत असेल किंवा भरणा उशिरा होत असेल तर समजून जा. मुलाखतीत हे कुणी सांगत नाही. आणि सरळ विचारा: सगळ्यात मोठा ग्राहक गेला तर किती दिवस पगार देऊ शकाल? नीट माणसं असतील तर चिडणार नाहीत.

जर्सीची_वाट

जाईजुई, तिसरा रस्ता दिसतोय मला. त्या क्लाउडवर नेणाऱ्या टीममध्ये जा. विनंती कर, मागे लाग.

मी अशा दोन स्थलांतरांत होतो म्हणून सांगतो. नवी मुलं हुशार असतात, कोड भराभर बदलतात, आता तर एआय लावून आणखी भराभर. अडतं ते समांतर चालवताना. जुनी आणि नवी यंत्रणा शेजारी शेजारी चालवून निकाल सेंटपर्यंत जुळवावे लागतात. तिथे एका पॉलिसीत ३ सेंटचा फरक येतो आणि तीन आठवडे जातात. शेवटी कळतं की १९८०च्या दशकात कुणीतरी पॅक्ड डेसिमलच्या (आकडे साठवायची जुनी रीत) खान्यात आकडा राउंड करण्याची वेगळी पद्धत वापरली होती, आणि ते फक्त रात्री बॅच बघणाऱ्या माणसाला माहीत असतं. तुझी ती रिकाम्या जागेची फाइल घे. तिथे शून्यच का घालायचं? आधीचा हप्ता का नाही घ्यायचा? हे कुठे लिहिलेलं आहे?

जाईजुई

नाही लिहिलेलं. मला २०१८ मध्ये एका सीनिअरने सांगितलं होतं, तो आता कंपनीत नाही. रिकामी जागा म्हणजे त्या महिन्यात एजंटचं कमिशन नाही. पण कोड "आर" असेल तर शून्य घालायचं नाही, फाइल परत पाठवायची. हे टीममध्ये मी आणि अजून एक मुलगा, दोघांनाच माहीत आहे.

जर्सीची_वाट

बघ!

घाटावरची_मैना

थंड पाणी ओतल्याबद्दल माफ करा. मी हे पाहिलंय. कंपनी आधी गोडीने सगळं काढून घेते, केटीच्या (माहिती दुसऱ्याला सोपवण्याच्या) मीटिंगा, रेकॉर्डिंग, डॉक्युमेंट. नवीन माणसाला समजलं की जुन्याच्या हातात नारळ. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत तीन महिन्यांत झालं हे. तेव्हा टीममध्ये घेतलं म्हणजे टिकलं असं नाही. तुला नुसतं "सांगणारी" म्हणून घेतायत की नवीन बाजूचं कामही देतायत, हे लेखी घे. मेलवर तरी.

पितळी_डबा

मैनाशी सहमत. आणि जे काही करशील ते तुझं म्हणून सांगता येईल असं कर.

आडगावचा_लाइनमन

मी दूरसंचारमधून निवृत्त. तुमच्यातलं सगळं मला कळत नाही, पण सोडायचं की थांबायचं हे मी भोगलंय.

२०१९ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वय पन्नास पूर्ण असलेल्यांसाठी. मी ५३ चा होतो. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये. एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडतात त्या चौकटीवर, जंपरच्या तारा ओढायच्या, पावसाळ्यात केबल भिजली की खड्ड्यात उतरून जॉइंट सोडवायचे, कागदाचं वेष्टण असलेल्या जुन्या तारा जोडी-जोडीने वाळवायच्या. शेवटची पाच-सहा वर्षं ते कामही उरलं नव्हतं, लँडलाइन कुणी घेत नव्हतं. खुर्चीवर बसून घड्याळ बघायचं. त्यासारखी शिक्षा नाही. एकाच वेळी ७८ हजारांहून जास्त लोकांनी योजना घेतली, त्यात मी एक. ३१ जानेवारी २०२० ला शेवटची सही केली.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरलं होतं. गाळा बघितला, मार्चमध्ये ताबा घेणार होतो. २४ मार्चला टाळेबंदी. पेन्शन होती म्हणून घर चाललं, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक. दुकान शेवटी २०२१ च्या दिवाळीत उघडलं आणि आज बरं चाललंय.

मला विचाराल तर मी सोडलं ते योग्य केलं, पण सोडायला उशीर केला. चाळिशीत हात चालत होते तेव्हा शिकायला हवं होतं. आणि पेन्शनचा आधार नसता तर मी सोडलं नसतं हेही तितकंच खरं.

कोकणी_फणस

काका, लँडलाइनचा डायल टोन अजून कानात आहे. आमच्या गावात पोस्टात एकच फोन होता, कुणाचा फोन आला की पोरगं धावत सुटायचं.

आडगावचा_लाइनमन

ती लाइन तारांवरून यायची. वादळात खांब आडवा झाला की आम्ही दोन दिवस रानात.

जाईजुई

मंडळी, १२ दिवस संपले. काय झालं ते सांगते, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

बाणेरच्या कंपनीचा पीएफ पाहिला. वेळेवर भरतात, माणसंही वाढलीत. पण ग्राहकाचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तीन चतुर्थांश काम एकाच ग्राहकाचं आहे आणि त्याचा करार जूनमध्ये संपतो. माझी ९० दिवसांची नोटीस धरली तर मी रुजू होईन तेव्हा तो करार संपायला आलेला असेल. मी त्यांना जूनपर्यंत थांबता येईल का विचारलं, ते म्हणाले जागा रिकामी ठेवता येणार नाही. मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर रडू आलं, कारण ते काम मला खरंच करायचं होतं.

मॅनेजरकडे गेले. स्थलांतराच्या टीममध्ये जायचंय, आणि निम्मा वेळ नव्या बाजूच्या कोडवर हवा, असं सांगितलं. मैना, तुझ्यामुळे मेलवर मागितलं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी आलं: सोमवार ते बुधवार तिकडे, बाकी दोन दिवस जुनी तिकिटं. तीन महिन्यांनी बघू असं लिहिलंय. मैना म्हणते तसं होऊही शकतं, म्हणून संध्याकाळी शिकणं चालू ठेवणार आहे आणि सीव्ही बाजारात राहणार आहे.

सासूबाईंच्या वेगळ्या पॉलिसीचा अर्ज भरला. त्यांना मेडिकलला घेऊन गेले होते, दोन तास बसलो, त्यांनी तिथल्या नर्सला पुरणपोळीची कृती सांगितली. उत्तर यायचं आहे.

काल रात्री ती फाइल पुन्हा आली, तीच रिकामी जागा. या वेळी आधी "आर"चा नियम कुठे कुठे लागतो ते जुन्या जॉबमधून शोधून काढलं. चार ठिकाणी सापडला, मला दोनच माहीत होती. पहाटेचे पावणेतीन झाले. खूप दिवसांनी वेळ कसा गेला कळलं नाही.

पितळी_डबा

ही चार ठिकाणं लिहून ठेव, तारखेसकट. मुलाखतीत मला जे सांगता आलं नाही ते हेच.

उनाड_वारा

मी हरलो तरी आनंद आहे. जूनमध्ये त्या कंपनीला पुन्हा फोन करा मात्र.

जाईजुई

करणार. कॅलेंडरवर टाकलंय.

चाकण_फेज२

ताई, चांगलं झालं.

हिशेबी साहेब, पासबुक बघितलं. मधल्या कंत्राटदाराचे चार महिने जमा नाहीत. पगारातून कापलेले आहेत, स्लिपा माझ्याकडे आहेत. आता काय करायचं?

हिशेबी

स्लिपांचे फोटो आजच काढून ठेवा, कागदाची शाई उडते. ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार करता येते, महिने आणि कापलेली रक्कम स्पष्ट लिहायची. मसुदा मी करून देतो. खासगी निरोप पाठवला आहे.

आडगावचा_लाइनमन

पोरा, तो कोर्स सोडू नको. शिफ्ट फिरते तर रविवारची बॅच आहे का ते विचार. माझा एक मित्र आयटीआयमधून मशिनिस्टचा निदेशक म्हणून निवृत्त झालाय, भोसरीत राहतो, मुलांना घरी ड्रॉइंग वाचायला शिकवतो. पैसे घेत नाही. त्याला विचारून तुला कळवतो.

चाकण_फेज२

काका, रविवारी दुपारी दोननंतर मी मोकळा असतो.